डॉक्टरांना विचारा : दहीभात बंद करायचा का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत पोट आणि ऑटिझम हा विषय इतक्या वेळा आला, की कुठला तरी एकच व्हिडिओ सगळ्या घरांत फिरतो आहे हे उघड आहे. त्यांतली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याच पत्राने बरीच जागा खाल्ली आहे, बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. 'आई', 'दे', 'नको' एवढेच शब्द बोलतो. दहीभात, ग्लुकोजची बिस्किटं आणि वेफर्स सोडून कशालाही हात लावत नाही. चार-चार दिवस शी होत नाही आणि मग एखाद्या दिवशी पाच-सहा वेळा चड्डी खराब करतो. जुलाब म्हणून औषधही देऊन झालं. रात्री दोन वाजता उठून किंचाळतो. कधी कधी सोफ्याच्या हातावर पालथा पडून राहतो. एका केंद्रातल्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की ऑटिझम पोटातूनच सुरू होतो. गहू, दूध, दही पूर्ण बंद करा आणि महिना साडेचार हजारांच्या प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतूंच्या कॅप्सूल तीन महिने द्या, मूल बोलायला लागेल. दही बंद केलं तर हा जेवणारच नाही. सिझेरियनमुळे बाळाला आईचे चांगले जंतू मिळाले नाहीत, असंही त्या म्हणाल्या. तेव्हापासून सासूबाईंनाही तेच सापडलं आहे. हे खरं आहे का? — एक आई, कराड

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. सोफ्याच्या हातावर पालथा पडतो. मी तिथूनच सुरुवात करते, कॅप्सूलचं मागून बघू.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा यायचा. बोलत नव्हता. आला की माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पोट दाबून उभा राहायचा आणि मनगट चावायचा. मी केसपेपरवर लिहिलं, 'त्याच त्याच हालचाली, स्वतःला इजा', आणि वागणुकीच्या थेरपीला पाठवलं. तीन महिन्यांनी फरक शून्य. त्या वेळी सोबत आजी आली होती. पदर खोचलेली, मला पहिल्यांदाच बघत होती. म्हणाली, "बाई, पोटात कळ आली की म्हस बी असंच खांबाला अंग घासतीया. ह्येचं पोट बघितलंसा का?" नव्हतं बघितलं. त्याला टेबलावर झोपवणं ही एक लढाई असायची, म्हणून मी ते टाळत आले होते. त्या दिवशी आजीने त्याचे हात धरले आणि मी पोटावर हात ठेवला. डावीकडे खाली मळाच्या खड्यांची माळच लागली. तीन महिने ते मूल मला त्याच्या भाषेत सांगत होतं आणि मी त्याला ऑटिझमचं लक्षण म्हणून नोंदवत होते.

तुमच्या मुलाचं पोट मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण चार दिवस शी नाही, मग दिवसभर चड्डी खराब, हे बहुतेक वेळा जुलाब नसतात. शेवटच्या भागात मळाचा घट्ट गोळा अडकतो, वरून येणारा पातळ मळ त्याच्या कडेकडेने झिरपतो आणि पोराला कळतही नाही. घरच्यांना वाटतं जुलाब झाले. मग जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं आणि गोळा आणखी घट्ट बसतो. तेव्हा ते औषध आधी थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. "तोंडी सांगू नका, पोटावर हात ठेवून बघा," असं माझं नाव न घेता सांगा. जाताना दहा दिवसांची वही न्या. शी कधी झाली, घट्ट खडे की पातळ, किती, रक्त होतं का, रात्री कितीला उठला. मोबाइलवर शीचा फोटो काढलात तरी कुठलाही बालरोगतज्ज्ञ नाक मुरडणार नाही. पोट फुगून उलट्या होत असतील, शीतून रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर मात्र दहा दिवस थांबायचं नाही.

गोळा असेल तर तो आधी मोकळा करावा लागतो आणि नंतर शी मऊ ठेवणारी पावडर किंवा सिरप काही महिने चालतं. महिने म्हणते आहे, आठवडे नाही. ताणून सैल झालेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. "आता होते की रोज" म्हणून आईबाप तिसऱ्या आठवड्यात औषध बंद करतात आणि पुन्हा पहिले पाढे. "सवय लागेल" ही भीती शी मऊ ठेवणाऱ्या या औषधांना लागू नाही. जोडीला जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी पाच मिनिटं शौचाला बसवा, कारण पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हलतं. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. आमच्या ओळखीची एक मुलगी नुसत्या फ्लशच्या आवाजाला घाबरून शी धरून ठेवायची. ती बाहेर आल्यावर फ्लश करायला लागले आणि अर्धं काम झालं. आणि त्याला एक चित्राचं कार्ड करून द्या, पोटावर हात ठेवलेल्या मुलाचं. 'आई, दे, नको' या तीन शब्दांत 'दुखतंय' बसत नाही.

आता ऑटिझम पोटातून सुरू होतो का? पोटाचा त्रास या मुलांना जास्त असतो हे अगदी खरं. २०१४ साली आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा ऑटिझम असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतरांच्या चौपटीच्या आसपास निघाल्या. त्यांत बद्धकोष्ठता आणि जुलाब पुढे. पण त्रास सोबत असणं वेगळं आणि त्यातून ऑटिझम होणं वेगळं. इथे घोटाळा व्हायला एक जुनं पापही कारण आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरचा निबंध छापून गोवराची एमएमआर लस, आतड्याचा दाह आणि ऑटिझम यांची सांगड घातली. त्यातली माहिती खोटी असल्याचं उघड झालं, २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. लसीचं नुकसान झालं ते झालंच. पण माझ्या पिढीच्या डॉक्टरांवर त्याचा उलटा परिणामही झाला. ऑटिझमच्या मुलाच्या पोटाबद्दल कुणी बोललं की आम्ही कान झाकून घ्यायला लागलो. मी त्या मुलाच्या पोटावर हात ठेवला नाही, त्यात थोडा वाटा याचाही असावा.

पोटातल्या जंतूंचा मेंदूशी काही संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. शिकागोत एका आईने मांडलेल्या कल्पनेवरून अकरा मुलांना व्हॅन्कोमायसिन हे आतड्यातल्या आतड्यात काम करणारं प्रतिजैविक देऊन पाहिलं, तो निबंध २००० साली आला. बहुतेकांत सुधारणा दिसली. औषध थांबल्यावर ती विरून गेली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या विद्यापीठात उंदरांना आतड्यातला एक जिवाणू खाऊ घातला, तर त्यांच्या काही सवयी बदलल्या. त्यातली एक सवय होती पिंजऱ्याच्या भुशात काचेच्या गोट्या पुरत बसण्याची. उंदराने गोट्या पुरणं कमी केलं ही बातमी आपल्याकडे 'ऑटिझमवर दही गुणकारी' होऊन पोचते. त्याच उंदरांचं एकमेकांत मिसळणं सुधारलं नव्हतं, हे वाटेत गळून पडतं. आणि तो व्हिडिओवाला म्हणतो ना, की शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतही निरोप पोचवणारं रसायन, आतड्यात तयार होतं? बरोबर आहे. पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं स्वतःचं वेगळं बनवतो. हे वाक्य व्हिडिओत नसतं.

मुलांवर कॅप्सूलचे चांगले प्रयोग झालेत का? झालेत, पण थोडे आणि लहान. इटलीत पिसा इथे ८५ लहान मुलांवर सहा महिने प्रयोग झाला. निम्म्यांना प्रोबायोटिक, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी पूड, आणि कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. २०२० मध्ये निकाल आला. ऑटिझमच्या तीव्रतेत दोन्ही गटांत एकंदरीने फरक नव्हता. पोटाचा त्रास असलेल्या मुलांच्या काही तक्रारी कमी झाल्या, तर पोटाचा त्रास नसलेल्यांत तपासणीचे गुण थोडे सुधारले, जे कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. दुसऱ्या एका इटालियन प्रयोगात, २०२४ साली छापलेल्या, मिसळण्या-वागण्यात थोडी सुधारणा दिसली, तीव्रता होती तिथेच राहिली. संशोधकांनी पुढे शोधत राहावं, इतपत हे नक्की आहे. तुमच्याकडून साडेतेरा हजार घ्यावेत, इतपत नाही. आणि गंमत म्हणजे मुलांच्या साध्या बद्धकोष्ठतेवरसुद्धा पोटविकारतज्ज्ञांच्या युरोप-अमेरिकेतल्या संघटना प्रोबायोटिकची शिफारस करत नाहीत.

खोटी पूड कशाला लागते, असं तुम्ही विचाराल. सेक्रेटिनची हकिकत सांगते. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन मुलांना पोटाच्या तपासणीसाठी सेक्रेटिन नावाचं हार्मोन टोचलं आणि ती बोलायला, बघायला लागल्याचं छापून आलं. हजारो आईबाप त्या इंजेक्शनच्या मागे धावले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर नीट प्रयोग झाला, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गट सारखेच सुधारले! निकाल कळल्यावरही दोनतृतीयांशांहून जास्त पालकांनी सांगितलं, की आम्हाला अजून सेक्रेटिनमध्ये रस आहे. मी त्यांना हसत नाही. मूल तीन महिन्यांत आपोआपही वाढतं, आणि पैसे भरलेले असले की आपण त्याच्याकडे जास्त बारकाईने बघतो.

तरीही तुमच्या मनातून कॅप्सूल जात नसेल, तर माझी अट एवढीच : आधी बद्धकोष्ठता आटोक्यात आणा, मग दोन महिने फक्त ही एकच गोष्ट बदला. रात्रीचं उठणं, शी आणि स्वतःहून काढलेले शब्द, तिन्ही रोज लिहा. शाळेतल्या बाईंना मात्र कॅप्सूलचं सांगू नका, नुसतं "या महिन्यात कसा वाटतो?" एवढं विचारत राहा. त्यांनाही दिसलं तर मला कळवा. मूल कुठल्याही कारणाने प्रतिकारशक्तीत कमी असेल तर हेही करायचं नाही. जिवंत जंतू देतो आहोत, चुरमुरे नव्हेत. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर इशारा दिला आहे.

दहीभात बंद करू नका. तीन पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचा एक पदार्थ काढून घ्यायचा म्हणजे काय, हे त्या बाईंना कॅमेऱ्यातून दिसलं नसेल. गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम सुधारतो, असं नीट केलेल्या प्रयोगांतून सिद्ध झालेलं नाही, आणि दूध बंद केलेल्या मुलांची हाडं पातळ आढळली आहेत. गव्हाची शंका असेलच, तर बंद करण्याआधी गव्हामुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची टीटीजी ही रक्ततपासणी करा. आधी बिस्किटं बंद करून मग तपासलंत तर खरा आजारही लपून जातो. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा. असं पांढरं पांढरं खाणाऱ्या मुलांत लोह कमी असतं आणि त्यानेही झोप मोडते.

नवा पदार्थ सुरू करताना दहीभातात काहीही लपवू नका. वासावरून त्याला कळेल आणि हक्काचा दहीभातही जाईल. शेजारी छोट्या वाटीत सोललेल्या दुधीची एकच मऊ फोड ठेवा, रंगाने पांढुरकी. खा म्हणू नका. आठवडाभर नुसती राहू दे. एखाद्या दिवशी बोट लावेल, कधी फेकेल. फेकणं ही ओळखच असते. माझ्याकडच्या एका मुलाला बोटापासून तोंडापर्यंत यायला अकरा आठवडे लागले होते आणि त्याच्या आईने त्या दिवशी मला दुधीच्या वाटीचा फोटो पाठवला, रिकाम्या.

सिझेरियनचं राहिलं. सिझेरियनच्या मुलांत ऑटिझम किंचित जास्त आढळतो असं काही अभ्यासांत दिसलं होतं. मग स्वीडनमधल्या सुमारे २७ लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या, २०१५ साली. सख्ख्या भावंडांची एकमेकांशी तुलना केली, एक सिझेरियनचं आणि एक नैसर्गिक, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. म्हणजे कारण शस्त्रक्रियेत नव्हतं. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवा. मोठ्याने दाखवलात तरी हरकत नाही.

आणि ते साडेचार हजार स्पीच थेरपीकडे वळवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. हे त्या बाईंनी सांगितलं नसणार.

प्रश्न : नातवाला ऑटिझम आहे. सूनबाई बाजारातली प्रोबायोटिक दह्याची डबी आणते. आमच्या घरी चाळीस वर्षं एकच विरजण चालू आहे. त्यात जंतू नाहीत काय? — एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, आहेत, कोट्यवधी आहेत. पण कोणते आणि किती, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली : पुरेशा प्रमाणात घेतल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. म्हणजे जात ठाऊक हवी, मोजमाप हवं आणि फायदा दाखवलेला हवा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' हे जंतूंच्या कुळाचं नाव घेणं म्हणजे पुण्यात उतरून "जोशी कुठे राहतात?" असं विचारणं. नाव, आडनाव आणि घर नंबर लागतो. डबीवर तो छापलेला असेल तर वाचा, नसेल तर ती डबी आणि तुमचं विरजण एकाच पातळीवर, आणि तुमचं स्वस्त.

दह्याचं वेड नवं नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफ यांना बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात असं वाटलं, आणि त्यांनी ते जगाला सांगितलं. ते स्वतःही रोज घ्यायचे. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते मात्र प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. गेले ते ७१व्या वर्षी.

नातवाला तुमचं दही द्या. ते चांगलं अन्न आहे, पचायला दुधापेक्षा सोपं. त्याने ऑटिझम जाणार नाही आणि जायला हवाच असंही नाही. आणि विरजण सांभाळा. चाळीस वर्षं ही काही साधी गोष्ट नाही.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाच्या शीची 'मायक्रोबायोम टेस्ट', म्हणजे आतड्यातल्या जंतूंची तपासणी, केली. २८ पानी रिपोर्ट आला, त्यात 'विविधता कमी, ऑटिझमशी जुळणारा नमुना' असं लाल रंगात आहे. अमेरिकेत निरोगी माणसाच्या मळातले जंतू देऊन मुलं सुधारल्याचं वाचलं. माझा मोठा मुलगा निरोगी आहे. घरच्या घरी करता येईल का? — एक वडील, पुणे

उत्तर : नाही. हे उत्तर आधी, कारण बाकीचं वाचायच्या आत तुम्ही मिक्सरकडे जाल अशी मला भीती वाटली. २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या मळातून दोन रुग्णांना औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जिवाणू गेले आणि एक जण दगावला. तो दाताही निरोगीच होता आणि ते काम रुग्णालयात झालं होतं.

तुम्ही वाचलंत तो अ‍ॅरिझोनातला प्रयोग, २०१७ चा. १८ मुलं, सगळ्यांना पोटाचा त्रास. आधी दोन आठवडे प्रतिजैविक, मग पोट साफ, मग काटेकोर तपासलेले जंतू. पोटाच्या तक्रारी खूपच कमी झाल्या, वागणंही सुधारल्याचं नोंदलं आणि दोन वर्षांनीही ते बरंचसं टिकलं होतं. पण खोटं औषध घेतलेला गट नव्हता आणि आईबापांना सगळं ठाऊक होतं. सेक्रेटिनची हकिकत वर आली आहे, ती एकदा वाचा.

रिपोर्टचं म्हणाल, तर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २४७ मुलांच्या शीची बारकाईने तपासणी झाली. त्यांत ऑटिझम असलेली मुलं होती, त्यांची भावंडं होती आणि बाहेरचीही होती. ऑटिझम आणि जंतू यांचा थेट संबंध जवळजवळ सापडलाच नाही. सापडलं ते असं : ऑटिझममुळे मूल मोजकंच खातं, आणि मोजकं खाल्लं की आतड्यातली विविधता कमी होते. बाण उलट दिशेने. संशोधकांत यावर वाद चालू आहे, पण तुमच्या २८ पानांत त्या वादाचं एकही पान नसणार. मुलगा काय काय खातो ते मला एका पोस्टकार्डावर लिहून पाठवलंत, तर लाल रंगातला तो निष्कर्ष मी फुकटात काढून दिला असता. आता पैसे गेलेच आहेत, तर तो रिपोर्ट बाजूला ठेवून खाण्याची यादी घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा.

*पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना मुलाचं वय, वजन आणि चालू औषधं जरूर लिहा. शीचे फोटो काढा असं मी वर म्हटलं आहे, पण ते तुमच्या डॉक्टरांना दाखवायचे आहेत. मासिकाच्या ईमेलवर पाठवू नका. मागच्या वेळी ते संपादकांनी जेवताना उघडले होते.*